टेबलावर बसलेले सगळे जबाबदार

दारू पिऊन गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा जपानमध्ये आणि भारतात एकच आहे. आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की गुन्हा. जपानी कायदा तेच प्रमाण एका मिलिलिटरमागे ०.३ मिलिग्रॅम असं लिहितो, आणि यंत्रात फुंकल्यावर ते लिटरभर श्वासात ०.१५ मिलिग्रॅम असं दिसतं. हिशेब करून बघा, आकडा तोच येतो. तरी जपानमध्ये, जिथे मी राहते, माझ्या ओळखीतलं कुणी एक ग्लास बिअर घेतल्यावर गाडीच्या किल्लीला हात लावत नाही. आणि आमच्या साताऱ्याकडे “एका बिअरनं काय होतंय” म्हणणारे प्रत्येक आळीत भेटतात. कायद्यातली ओळ तीच असताना माणसं एवढी वेगळी का वागतात, याचं उत्तर मी इथल्या लोकांना विचारून, इथले जुने खटले वाचून गोळा करत आले आहे. आज ते सगळं एकत्र लिहिते.

मी राहते हामामात्सूला. टोक्यो आणि ओसाकाच्या साधारण मधे, सुझुकी आणि यामाहाचं हे गाव. टोक्योतल्या मराठी मंडळींना रात्री बारापर्यंत लोकल मिळते, त्यामुळे प्यायल्यावर घरी कसं जायचं हा प्रश्न तिथे फारसा पडत नाही. आमच्याकडे तसं नाही. स्टेशनपासून थोडं लांब गेलं की बस तासाला एक, तीही संध्याकाळी लवकर बंद. भाजी आणायला, मुलांना सोडायला, कारखान्यात जायला गाडीच लागते. आणि इथल्या कित्येक इझाकायांना, म्हणजे आपल्या परमिट रूमसारख्या खाण्यापिण्याच्या ठिकाणांना, बाहेर चांगली ऐसपैस पार्किंगची जागा असते. प्यायची जागा, आणि तिथे गाड्यांच्या रांगा. पहिल्यांदा बघितल्यावर मला हे फार विसंगत वाटलं होतं.

जपानी माणूस पीत नाही असा गैरसमज कुणी करून घेऊ नका. भरपूर पितात. ऑफिसची नोमिकाई, म्हणजे सगळ्यांनी मिळून प्यायला बसणं, हा नोकरीचाच एक भाग समजला जातो. डिसेंबरात वर्ष सरताना बोनेन्काई, जानेवारीत नव्या वर्षाची शिन्नेन्काई, एप्रिलमध्ये साकुराच्या झाडाखाली सतरंजी टाकून बसणं. आपला ग्लास आपण भरायचा नाही, शेजाऱ्याने भरायचा, आणि ग्लास रिकामा दिसला की भरत राहायचं, असा रिवाज. दारू रात्री-अपरात्री चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात मिळते. गुरुवार-शुक्रवारी रात्री प्लॅटफॉर्मवर सुटाबुटातली माणसं भिंतीला टेकून झोपलेली दिसतात. दारूबंदी या देशात नाही. म्हणूनच मला इथला अनुभव आपल्याकडच्यांना सांगावासा वाटतो. आपल्याकडे दारूचा विषय निघाला की बोलणं लगेच दारूबंदीवर जातं. चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली, २०२१ मध्ये उठली, आणि दोन्ही वेळा हमरीतुमरीवर येऊन भांडणं झाली. प्यायलेल्या माणसाच्या हातात गाडी जाऊ द्यायची की नाही, हा वेगळा प्रश्न आहे, आणि तो मात्र त्या भांडणात बाजूला पडतो.

ऑफिसच्या पहिल्या नोमिकाईला गेले तेव्हा दारातच वाढणाऱ्या मुलीने विचारलं, “गाडीने आलात का?” मला वाटलं, पार्किंगबद्दल विचारते आहे. आमचे काचो, म्हणजे विभागप्रमुख, तिला म्हणाले, तीन गाड्या आहेत, दोघं पिणार नाहीत, एक गाडी दाइकोने, म्हणजे बोलावलेल्या भाड्याच्या चालकाकडून, जाईल. तिने लिहून घेतलं. न पिणाऱ्या दोघांसमोर तिने वेगळ्या रंगाची बिल्ल्यासारखी खूण ठेवली. त्यांना ‘हँडल कीपर’ म्हणतात. त्या रात्री त्यांच्यासमोर ऊलाँग चहा आणि बिनअल्कोहोलची बिअर आली, आणि बाकी कुणी त्यांना “घे की थोडी” म्हटलं नाही. एरवी ग्लास भरण्याचा एवढा आग्रह करणारी हीच माणसं. मी पीत नाही, त्यामुळे तेव्हापासून बहुतेक वेळा हँडल कीपर मीच असते, आणि खरं सांगते, आपल्याकडे न पिणाऱ्याला पार्टीत जी टिंगल सोसावी लागते तिच्या जागी इथे मला सगळ्यांचे आभार मिळतात.

बिनअल्कोहोलच्या बिअरचीही यात एक कथा आहे. पूर्वी अशा नावाने मिळणाऱ्या बिअरमध्ये थोडंसं का होईना अल्कोहोल असायचं. किरीन कंपनीने २००९ मध्ये ०.०० टक्क्यांची ‘किरीन फ्री’ बाजारात आणली, आणि पाठोपाठ बाकीच्या कंपन्याही उतरल्या. गाडी चालवणाऱ्यालाही सगळ्यांबरोबर ग्लास उंचावून ‘कानपाई’ म्हणता यावं, एवढाच त्यातला हेतू. कायदा कडक झाला की बाजार कसा वळतो ते यात दिसतं.

आता दाइको. ही सोय आपल्याकडे प्रत्येक तालुक्याच्या गावी हवी असं मला मनापासून वाटतं. इझाकायातून फोन केला की एका छोट्या गाडीतून दोघं जण येतात. एक तुमच्या गाडीच्या स्टिअरिंगवर बसतो, तुम्ही शेजारी किंवा मागे. दुसरा आपली गाडी घेऊन मागोमाग येतो. घरी पोचलं की पहिला उतरून दुसऱ्याच्या गाडीत बसतो, आणि दोघं पुढच्या गिऱ्हाइकाकडे. तुमची गाडी सकाळी तुमच्या दारात असते. जवळचं अंतर असेल तर दोन-तीन हजार येनांत काम होतं. २००२ पासून या धंद्यासाठी स्वतंत्र कायदा आहे. दाइकोच्या चालकाला टॅक्सीवाल्याला लागतं तसं वरच्या वर्गाचं लायसन्स लागतं, विमा लागतो, मागून येणाऱ्या गाडीवर पाटी लागते. “गाडी इथे ठेवून गेलो तर सकाळी कामाला कसा जाऊ?” हा प्यायलेल्या माणसाचा सगळ्यात जुना आणि खराखुरा प्रश्न. दाइको त्या प्रश्नालाच उत्तर देतं, म्हणून टिकलं आहे.

पण या सगळ्या सोयी आल्या त्या कायद्याच्या धाकाने. २००७ मध्ये जपानने वाहतूक कायदा बदलला. नुसता गंध येण्याइतकं प्यायलेल्या चालकालाही तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख येनांपर्यंत दंड, आणि झिंगून चालवणाऱ्याला पाच वर्षं किंवा दहा लाख. आपल्याकडे पहिल्या वेळी सहा महिने किंवा दहा हजार रुपये आहे, तिथून तुलना करा. त्याहून मोठी गोष्ट पुढची. प्यायलेल्या माणसाला गाडी देणाऱ्यालाही चालकाइतकीच शिक्षा. तो गाडी चालवणार आहे हे ठाऊक असताना त्याला दारू देणाऱ्याला, मग तो दुकानदार असो की मित्र, तीन वर्षांपर्यंत कैद. आणि तो प्यायला आहे हे माहीत असूनही “मला घरापर्यंत सोड” म्हणत शेजारी बसणाऱ्यालाही तेवढीच. म्हणजे त्या मुलीने दारात गाडीबद्दल विचारलं ते शिष्टाचार म्हणून नव्हे. न विचारता बिअर दिली आणि पुढे काही घडलं, तर तिच्या मालकाला कोर्टाची पायरी चढावी लागेल.

हे कागदावरच राहिलं असेल असं वाटत असेल तर कुमागायाचा खटला वाचावा. सायतामा प्रांतातलं हे गाव. फेब्रुवारी २००८ मध्ये तिथे प्यायलेल्या तरुणाने भरधाव गाडी समोरच्या गाड्यांवर घातली आणि एक जोडपं ठार झालं. चालकाला १६ वर्षं झाली. त्याच्या गाडीत त्याचे दोन वरिष्ठ सहकारी होते, तेही त्याच्याबरोबर प्यायलेले. एक चक्कर मारून येऊ का, असं त्याने विचारलं तेव्हा या दोघांनी होकार भरला होता. स्टिअरिंगला त्यांनी हातही लावला नव्हता. कोर्टाने म्हटलं, तो प्यायला आहे हे दिसत असताना दिलेल्या त्या होकारानेच त्याचा निर्धार पक्का झाला. दोघांना प्रत्येकी दोन वर्षांची कैद झाली आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. आमच्या ऑफिसात गाडी चालवणाऱ्यांसाठी दरवर्षी जो तास होतो त्यात हा खटला सांगितला जातो. वयाने, हुद्द्याने मोठा माणूस “चालतंय रे, चल” म्हणाला की धाकट्याला नाही म्हणता येत नाही, ही गोष्ट जपानमध्येही आहे आणि आपल्याकडेही आहे. म्हणून मला तो निकाल इतका महत्त्वाचा वाटतो.

हे सगळं सरकारला आपोआप सुचलेलं नाही. यामागे आईवडील आहेत.

२८ नोव्हेंबर १९९९ रोजी टोक्योला येणाऱ्या तोमेई द्रुतगती मार्गावर एका ट्रकने पुढच्या मोटारीला मागून धडक दिली. मोटार पेटली. पुढे बसलेले आईवडील बाहेर पडू शकले. मागे बसलेल्या दोन मुली, एक तीन वर्षांची आणि एक वर्षाची, जळून गेल्या. ट्रकवाला इतका प्यायला होता की त्याला रस्त्यावर धड उभं राहता येत नव्हतं, आणि ते चित्र देशाने टीव्हीवर पाहिलं. त्याला शिक्षा झाली चार वर्षं. कारण तेव्हाच्या कायद्यात हा निष्काळजीपणाचा गुन्हा होता आणि त्याची कमाल शिक्षाच पाच वर्षं होती. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये कानागावा प्रांतातल्या झामा इथे प्यायलेल्या, लायसन्स नसलेल्या तरुणाने फुटपाथवर गाडी घालून दोन विद्यार्थ्यांना मारलं. त्यातल्या एकाने नुकताच वासेदा विद्यापीठात प्रवेश घेतला होता. त्याची आई शिल्पकार. ती सह्या गोळा करायला रस्त्यावर उतरली, त्या दोन मुलींचे आईवडीलही उतरले, आणि साडेतीन लाखांच्या वर सह्या जमल्या. प्यायलेल्या माणसाने गाडीने जीव घेतला तर त्याला अपघात म्हणू नका, एवढीच मागणी. ‘धोकादायक वाहनचालनाने मृत्यू’ हा नवा गुन्हा संसदेने मंजूर केला तो २८ नोव्हेंबर २००१ ला, त्या मुलींच्या दुसऱ्या स्मृतिदिनी. कमाल शिक्षा १५ वर्षं, पुढे ती २० झाली.

त्या शिल्पकार आईने आणखी एक काम केलं. तिने पांढऱ्या पुठ्ठ्याच्या माणसाएवढ्या आकृत्या कापल्या, जो गेला त्याच्या नेमक्या उंचीच्या. छातीवर फोटो आणि घरच्यांचे शब्द. पायाशी त्याचे खरे बूट. २००१ पासून हे प्रदर्शन शाळांत, तुरुंगांत, नगरपालिकांत फिरत आलं, आणि टोक्योजवळ हिनो इथे त्याचं संग्रहालय झालं. मी ते पाहिलं आहे. तिथे वाचायला फार काही नसतं. बूट बघत फिरायचं. शाळेचे पांढरे बूट, फुटबॉलचे, लहान मुलीचे वेल्क्रोचे. प्रत्येक आकृतीशेजारी उभं राहिलं की ती कुठे तुमच्या खांद्याला लागते, कुठे कमरेला. मी बाहेर येऊन बराच वेळ बाकावर बसून होते. हीच बाई पुढे प्रवेश परीक्षा देऊन मुलाच्याच विद्यापीठात शिकायला गेली. तुरुंगातल्या कैद्यांसमोर हे प्रदर्शन मांडायचं धैर्य तिने कुठून आणलं असेल, हे मला अजून उमगलेलं नाही.

तरीही २००६ घडलंच. २५ ऑगस्टच्या रात्री फुकुओकात समुद्रावरच्या पुलावर २२ वर्षांच्या एका प्यायलेल्या तरुणाने पुढच्या गाडीला मागून ठोकलं आणि ती गाडी कठडा तोडून खाली पाण्यात पडली. आत आईवडील आणि तीन मुलं होती. चार, तीन आणि एक वर्षाची. आई अंधारात पुन्हा पुन्हा बुडी मारून मुलांना वर काढत राहिली. तिन्ही मुलं गेली. चालक महापालिकेचा कर्मचारी होता. तो पुढे निघून गेला, मित्राला फोन करून पाणी मागवलं आणि भरपूर पाणी प्यायला, म्हणजे तपासणीत आकडा कमी यावा. खालच्या कोर्टाने त्याला साडेसात वर्षं दिली. उच्च न्यायालयाने ती २० केली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम ठेवलं. २००७ चा टेबलावरच्या सगळ्यांना जबाबदार धरणारा कायदा याच पुलावरून आला.

त्या पाण्याच्या बाटल्यांवर मला थोडं थांबायचं आहे, कारण आपल्या पुण्याशी त्यांचा थेट संबंध लागतो. शिक्षा वाढली तशी इथे एक वाईट गोष्ट झाली. प्यायलेले चालक धडक देऊन पळू लागले. पकडले जाईपर्यंत दारू उतरते, मग फक्त पळून जाण्याचा गुन्हा राहतो, आणि त्याची शिक्षा कमी. म्हणजे पळणाऱ्याचा फायदा. २०१४ मध्ये लागू झालेल्या कायद्याने ही फट बुजवली. दारूचा अंमल लपवण्यासाठी पळून जाणं, पाणी पीत बसणं, उलट धडकेनंतर आणखी दारू पिऊन “ही तर नंतरची” म्हणणं, हे सगळं आता स्वतंत्र गुन्हा आहे. त्याला १२ वर्षांपर्यंत शिक्षा. आणि पोलिसांनी थांबवल्यावर फुंकायला नकार दिला तर तोही वेगळा गुन्हा.

१९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शेखाली चोविशीतले दोन इंजिनिअर गेले. गाडी चालवणारा १७ वर्षांचा. तीनशे शब्दांचा निबंध लिहायच्या अटीवर जामीन मिळाला याचा संताप आपण सगळ्यांनी केला, आणि तो रास्तच होता. पण मला त्याहून जास्त हादरवलं ते सरकारी रुग्णालयात रक्ताचे नमुने बदलल्याच्या प्रकरणाने, ज्यात डॉक्टरांना अटक झाली. जुलैमध्ये वरळीत एका कोळी जोडप्याच्या स्कूटरला मोठ्या गाडीने उडवलं, बाई गेली, आणि चालक सापडला दोन दिवसांनी. खटल्यांचा निकाल कोर्ट देईल. पण दोन दिवसांनी रक्त काढून काय हाती लागणार? फुकुओकाच्या पोराने बाटलीभर पाण्याने जे करायला बघितलं, ते आपल्याकडे पैसा आणि ओळख करून देते. आपल्या कायद्यात ‘पळालास किंवा पुरावा बिघडवलास तर प्यायल्यापेक्षा जास्त भोगशील’ असं ठणकावून सांगणारं कलम येत नाही तोवर दंडाची रक्कम कितीही वाढवा, पळणं स्वस्तच राहील.

आपल्या सरकारी आकडेवारीत रस्त्यावरच्या मृत्यूंपैकी दारूमुळे झालेले जेमतेम अडीच टक्क्यांच्या आसपास दिसतात. २०२२ मध्ये देशात एक लाख ६८ हजारांहून अधिक माणसं रस्त्यावर गेली. त्यात दारूचा वाटा खरोखर एवढाच आहे यावर गावच्या कुठल्याही कंपाउंडरचा विश्वास बसणार नाही. जिथे धडकेनंतर लगेच तपासणीच होत नाही, तिथे कारणाच्या रकान्यात ‘अतिवेग’ लिहून फाइल बंद होते. जपानमध्ये २००० साली प्यायलेल्या चालकांचे जीवघेणे अपघात बाराशेहून जास्त होते, २०२२ मध्ये १२०. दहावा हिस्सा. हा उतार दिसतो तो मोजलं म्हणून. आणि २०२४ मध्ये आकडा पुन्हा थोडा चढला तेव्हा इथे लगेच चिंता सुरू झाली, तीही मोजलं म्हणूनच.

सकाळच्या गोष्टीबद्दल लिहायलाच हवं, कारण हे मला इथे येईपर्यंत खरंच माहीत नव्हतं. आमच्या ऑफिसात कंपनीच्या गाड्यांच्या किल्ल्या एका कपाटात असतात आणि कपाटाशेजारी फुंकायचं यंत्र. गाडी न्यायच्या आधी फुंकायचं, परत आल्यावर फुंकायचं, आकडा नोंदवायचा. ट्रक-बसवाल्या कंपन्यांना हे २०११ पासून सक्तीचं होतं. पण २८ जून २०२१ ला चिबा प्रांतातल्या याचिमाता इथे शाळेतून घरी चाललेल्या पाच मुलांच्या रांगेत एक ट्रक घुसला, दोघं गेली, तिघं जबर जखमी झाली. चालक प्यायलेला होता, आणि तो ट्रक कंपनीचा स्वतःचाच माल वाहणारा असल्यामुळे त्या तपासणीच्या नियमात बसतच नव्हता. चालकाला १४ वर्षं झाली. त्यानंतर पाचपेक्षा कमी गाड्या असणाऱ्या अगदी लहान जागा सोडून बाकी सगळ्यांना डिसेंबर २०२३ पासून यंत्राने तपासणी आणि वर्षभर नोंद ठेवणं बंधनकारक झालं.

त्या यंत्रापुढे सर्वांत जास्त अडकतात ते रात्री पिऊन, झोपून, अंघोळ करून आलेले लोक. इथे साधा हिशेब शिकवतात. अर्धा लिटर बिअर, म्हणजे साधारण २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, शरीरातून जायला चार तास. अशा तीन बिअर रात्री बाराला संपवल्या तर दुपारी बारापर्यंत गाडी नाही. कॉफीने, लिंबूसरबताने, गार पाण्याच्या अंघोळीने हा वेळ कमी होत नाही. झोपेत तर उलट जरा हळूच उतरते. गटारीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला एसटी, टेम्पो, शाळेच्या व्हॅन घेऊन निघणाऱ्यांचा विचार करा. आपली नाकाबंदी असते ३१ डिसेंबरच्या रात्री. १ जानेवारीच्या सकाळी कुणी उभं नसतं.

फुकुओकाबद्दल आणखी एक. त्या पुलामुळे बदनाम झालेल्या या शहरात पालिकेच्या कर्मचाऱ्यांचे दारूपायी प्रकार होतच राहिले, तेव्हा २०१२ मध्ये महापौरांनी सगळ्या कर्मचाऱ्यांना महिनाभर घराबाहेर पिऊ नका असं बजावलं. देशभर चर्चा झाली. मला स्वतःला हा उपाय भोंगळ वाटतो, न पिणाऱ्यालाही त्यात गोवलं जातं. त्याच वर्षीचा प्रांताचा नियम मात्र फार शहाणपणाचा आहे. पाच वर्षांत दुसऱ्यांदा पिऊन गाडी चालवताना सापडलेल्या माणसाला व्यसनाची तपासणी करून घ्यावीच लागते. कारण एकदा लायसन्स जाऊनही जो पुन्हा पिऊन बसतो, त्याला बहुतेक वेळा दंडाची भीती उरलेली नसते, तो आजारी असतो. आपल्याकडे पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून हेच आजारपण ओळखून काम करत आलं आहे. दुसऱ्यांदा पकडलेल्या चालकाला कोर्टातून थेट अशा ठिकाणी पाठवायची सोय आपण का करू नये? माणूसही वाचेल आणि त्याच्या पुढ्यात येणारेही.

जपानला येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक वाक्य जोरात: सायकलही गाडीच आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून पिऊन सायकल चालवणाऱ्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख येन दंड होऊ शकतो, आणि त्याला सायकल देणाऱ्याला किंवा दारू पाजणाऱ्यालाही शिक्षा आहे. वसतिगृहातल्या पार्टीनंतर “दोनच गल्ल्या तर आहेत” म्हणून निघू नका. व्हिसा वाढवताना तुमची वागणूक तपासली जाते, आणि गुन्ह्याची नोंद तुमचा पाठलाग करते.

गेल्या सुट्टीत हे सगळं मी आमच्या दादाला, थोरल्या चुलतभावाला सांगत होते. त्याचं महामार्गालगत जेवणाचं हॉटेल आहे, मागे परमिट रूम. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, “तुझं समदं पटतंय गं. पन मी गिऱ्हाइकाला इचारलं, गाडी कोन चालवनार, तर ते उठंल आन् शेजारच्या ढाब्यावर जाईल. तिथं कोन इचारतंय?” तो खोटं बोलत नव्हता. २०१७ मध्ये महामार्गापासून पाचशे मीटरमधली दारू बंद करण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश लागू झाला तेव्हा त्याने महिनोन्महिने तोटा सोसला, आणि मग राज्याराज्यांनी रस्त्यांचा दर्जा बदलून वाटा काढलेल्याही त्याने बघितल्या. एकट्यावर नियम लादला की तो एकटा बुडतो, हा त्याचा धडा.

मी त्याला कलम १८८ दाखवलं. मोटार वाहन कायद्यातच आहे, नवीन काही नाही. पिऊन गाडी चालवण्याच्या गुन्ह्याला जो कोणी चिथावणी किंवा मदत देईल, त्यालाही त्याच गुन्ह्याची शिक्षा. जपानने २००७ मध्ये जे कलमं फोडून, दुकानदार वेगळा, शेजारी बसणारा वेगळा, गाडी देणारा वेगळा असं स्पष्ट लिहिलं, त्याचं बीज आपल्या कायद्यात पडून आहे. हामामात्सूच्या इझाकायात विचारतात कारण शेजारच्या इझाकायातही विचारतात. सगळ्यांनाच विचारावं लागतं, म्हणून कुणाचंच गिऱ्हाईक तुटत नाही. दादा म्हणाला, “मंग सगळ्यांवर लावा म्हणावं. माझी ना नाही.”

तोवर त्याने आपल्या परीने एक केलं आहे. गावातले दोन पोरगे, दोघांकडे पक्कं लायसन्स आणि मोटारसायकल, शनिवार-रविवारी रात्री हॉटेलात थांबतात. एक जण गिऱ्हाइकाची गाडी घेऊन जातो, दुसरा मोटारसायकलवर मागोमाग. साताऱ्यापर्यंत सोडायचे तीनशे रुपये, ते पोरांचे. गल्ल्याजवळ पाटी लावली आहे. बरेच जण वाचून हसतात, काही जण चिडतात, आणि अधूनमधून कुणीतरी खिशातून किल्ली काढून पोरांच्या हातात देतं. परवा फोनवर म्हणाला, लग्नसराईत दोन पोरं पुरत नाहीत, तिसरा शोधतोय.